शाळेतल्या खिचडीत तरंगणारे दाणे, अंडी बंद, नवा मेन्यू... नीट माहिती कुणाला आहे का?

रेवाची_आई

नमस्कार. माझी मुलगी यंदा तिसरीत गेली, गावातल्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, नाशिक जिल्हा. शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले आणि पोषण आहाराबद्दल माझ्या डोक्यात इतका गोंधळ झालाय की शेवटी इथेच विचारते.

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळेतून सांगितलं होतं की आता नुसती खिचडी नाही, भाताबरोबर मोड आलेलं कडधान्य आणि काहीतरी गोड पण मिळणार. मुलगी खूश होती, घरी येऊन सांगायची आज मटकी होती, आज खीर होती. आठवड्यातून एकदा अंडं पण मिळायचं. मग जानेवारी-फेब्रुवारीत अंडं बंद झालं, गोड पण बंद झालं, कुणी काही सांगितलं नाही, मुलीकडूनच कळलं. आता भिंतीवर नवा तक्ता लावलाय, त्यात अंडा पुलाव लिहिलेला दिसतो पण मुलांना काही मिळत नाही.

दुसरं म्हणजे तांदूळ. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आम्ही चार-पाच जणी साफसफाईला गेलो होतो तेव्हा स्वयंपाकाच्या ताई तांदूळ भिजवून वर आलेले पांढरे दाणे ओंजळीने काढून टाकत होत्या. म्हटलं हे काय, तर म्हणाल्या प्लास्टिकचा तांदूळ मिसळून येतो, मी आपली वेचून टाकते, लेकरांच्या पोटात कशाला. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

तिसरं, नेमकं किती मिळायला पाहिजे एका मुलाला? रेवा घरी आल्याआल्या भूक लागली म्हणून डबे उघडते. तिचं वजन १९ किलो आहे. गेल्या वर्षी शाळेत तपासणीला डॉक्टरांची टीम आली होती, ते म्हणाले रक्त कमी वाटतंय, मग आम्ही रुग्णालयात नेऊन तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८ निघालं. त्यामुळे मला हा विषय सोडून देता येत नाही. मिस्टर म्हणतात सरळ घरचा डबा दे आणि विषय संपव. पण सगळी मुलं पंगतीत बसून जेवतात आणि ही एकटी डबा उघडून बसणार हे मला पटत नाही, आणि खरं सांगायचं तर शेतीच्या दिवसात रोज सकाळी डब्याला नीट भाजी होतेच असं नाही.

बाळाचे_बाबा

ताई डबाच द्या. आम्ही मागच्या वर्षापासून देतोय. तो तांदूळ मी स्वतः घरी आणून जाळून बघितला, वेगळाच वास येतो. व्हॉट्सॅपवर व्हिडिओ पण आहे, त्याचा बॉल करून जमिनीवर आपटला तर उसळतो. मुलांच्या बाबतीत रिस्क कशाला घ्यायची.

पुण्याची_आहारतज्ज्ञ

दादा, तुमची काळजी समजते पण हे चुकीचं आहे, आणि यामुळे मुलांचं नुकसान होतंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ते दाणे म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ. कणी दळून पीठ करतात, त्यात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ मिसळतात आणि मशीनमधून परत तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. हे दाणे साध्या तांदळात १०० ला १ या प्रमाणात मिसळलेले असतात, म्हणजे १०० किलोत साधारण १ किलो. रंगाला थोडे वेगळे, जास्त पांढरे किंवा पिवळसर दिसतात, काही हलके असतात म्हणून पाण्यात वर येतात. १५ ऑगस्ट २०२१ ला पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की रेशन, अंगणवाडी, शाळा सगळीकडे हाच तांदूळ देणार, तेव्हापासून तो टप्प्याटप्प्याने आला. पोत्यावर 'प्लस एफ' असं निळं चिन्ह असतं, ते बघा.

आणि बॉल उसळतो त्याचं काय, तर कुठल्याही शिजलेल्या भाताचा घट्ट गोळा करून आपटा, थोडा उसळतोच, त्यात स्टार्च असतो. जाळला तर साधा तांदूळ पण करपून वास येतो. प्लास्टिक असतं तर ते कुकरमध्ये शिजलंच नसतं, वितळून भांड्याला चिकटलं असतं.

आता रेवाच्या आईसाठी. स्वयंपाकाच्या ताई ज्या दाण्यांना प्लास्टिक समजून काढून टाकतात ना, नेमकं लोह त्याच दाण्यांत आहे. तुमच्या मुलीचं हिमोग्लोबिन ९.८, आणि तिच्या ताटात येणारं लोह रोज उकिरड्यावर जातंय. त्या ताईंचा दोष नाही, त्या मुलांच्या काळजीपोटीच करतायत, त्यांना कुणी समजावून सांगितलेलंच नसणार. त्यांना एवढंच सांगा की तांदूळ निवडून एकदा-दोनदा हलक्या हाताने धुवायचा, चोळून चोळून सात पाण्यांनी नाही, आणि भात वेळून पेज फेकायची नाही. पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वं त्या पाण्याबरोबर जातात.

एक अपवाद. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल तर लोहाच्या बाबतीत आपल्या डॉक्टरांना विचारून घ्या. नंदुरबार, गडचिरोली या बाजूला सिकलसेल बऱ्यापैकी आढळतो म्हणून मुद्दाम लिहिलं.

पण एक सांगते, नुसत्या या तांदळाने ९.८ चं १२ होणार नाही. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गुलाबी गोळी देतात, पाचवीपर्यंतच्या मुलांना गुलाबी आणि मोठ्यांना निळी, ती रेवा खरंच गिळते का ते विचारा, बरीच मुलं तोंडात धरून बाहेर थुंकतात. जंताची गोळी पण चुकवू नका. जेवणाबरोबर अर्धं लिंबू पिळायला दिलं तर डाळी-कडधान्यातलं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाच्या आगेमागे चहा अजिबात नको, गावाकडे लहान मुलांना सर्रास चहा-बिस्किट किंवा चहा-पोळी देतात तेवढं बंद केलं तरी फरक पडतो. ९.८ साठी डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं असेल तर ते पूर्ण करा, मध्येच सोडू नका.

गुरुजी_मराठवाडा

मी जि.प. शाळेवर २१ वर्षं झाली, त्यातली ११ वर्षं शापोआचं रजिस्टर माझ्याकडं आहे. (शापोआ म्हणजे शालेय पोषण आहार, आम्ही मास्तर लोक असंच म्हणतो. २०२१ ला केंद्राने नाव बदलून पीएम पोषण केलं पण गावात अजून सगळे खिचडीच म्हणतात.) ताईंचा प्रश्न वाचून वाटलं की पालकांना हे सगळं कुणी सांगतच नाही, म्हणून जेवढं माहिती आहे तेवढं लिहितो, लांबेल.

आधी किती मिळायला पाहिजे ते. पहिली ते पाचवीच्या लेकराला रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजीपाला, ५ ग्रॅम तेल. यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असा नियम आहे. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, आणि ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिनं. हे सगळं कच्चं वजन आहे बरं का. १०० ग्रॅम तांदूळ शिजला की पाव किलोच्या वर भात होतो, पहिलीचं लेकरू एवढं खात पण नाही. म्हणून भात उरतो आणि डाळ-भाजी कमी पडते, तिथंच सगळी गोम आहे. तुमची मुलगी घरी येऊन भुकेली असते त्याचं कारण बहुतेक भात कमी पडतो हे नसणार, भातात डाळ-भाजी किती असते ते बघा.

आता मेन्यूचं. नोव्हेंबर २०२३ ला जीआर (शासन निर्णय) आला की आठवड्यातून एकदा अंडं, जे खात नाहीत त्यांना केळं. एका अंड्याला ५ रुपये दर दिला होता. थंडीत बाजारात अंडं साडेसहा-सातला, वरचे पैसे कुणी घालायचे? आम्ही घातले, मुख्याध्यापकांनी घातले. तरी सांगतो, अंड्याच्या दिवशी हजेरी वेगळीच असायची. एरवी न येणारी लेकरं सुद्धा त्या दिवशी साडेनऊलाच गेटवर.

मग ११ जून २०२४ ला तीन पदार्थांचा जीआर आला. पंधरा पाककृती होत्या, व्हेज पुलाव, मसालेभात, चवळी खिचडी, मूग-शेवगा वरण-भात, मटकीची उसळ, तांदळाची खीर, नाचणीचं सत्त्व वगैरे. कागदावर एकदम झकास आणि मला मनापासून आवडला होता तो विचार, कारण रोज पिवळी खिचडी खाऊन लेकरं खरंच कंटाळली होती. पण एका ताईने एका शेगडीवर तीन पदार्थ करायचे, आणि साखर-दुधाची सोय धड नाही. ओरड झाली. मग २८ जानेवारी २०२५ ला सुधारित जीआर आला, त्यात अंडा पुलाव आणि गोड पदार्थ ऐच्छिक केले, म्हणजे शासन अंडी-साखरेला वेगळा निधी देणार नाही, शाळेने लोकसहभागातून करता आलं तर करावं. म्हणून तुमच्या तक्त्यावर अंडा पुलाव दिसतो आणि ताटात दिसत नाही. शाळेने लपवलं असं नाही, पण पालकांना बोलावून सांगायला पाहिजे होतं हे मात्र खरं.

पैशाचं पण ऐका. १ मे २०२५ पासून पहिली-पाचवीला दर विद्यार्थी दर दिवस ६ रुपये ७८ पैसे, सहावी-आठवीला १० रुपये १७ पैसे. तांदूळ वेगळा, तो केंद्राकडून फुकट येतो. या पावणेसात रुपयांत डाळ, तेल, मसाला, भाजी, गॅस सगळं आलं. आणि ग्रामीण भागात डाळ-तेल-मसाला पुरवठादार आणून टाकतो, शाळेच्या हातात फक्त इंधन आणि भाजीपाल्याचे पैसे, ते पण कधी दोन-दोन तीन-तीन महिने उशिरा. तोवर भाजी उधारीवर. गुरुजी बिल भरत बसतो आणि वर्गात लेकरं वाट बघतात.

शेवटचं. चव रजिस्टर म्हणून एक वही असते. जेवण वाढायच्या आधी शिक्षकाने चव घेऊन त्यात सही करायची, पालकाने पण घ्यावी अशी अपेक्षा आहे. तुम्ही कुठल्याही दिवशी जाऊन म्हणू शकता की आज मी चव घेते. तुमचा हक्क आहे, त्यात काही संकोच करू नका. आमच्याकडं गेल्या वर्षभरात फक्त सहा पालक आले, पन्नासेक घरं आहेत गावात. लोक आले की आम्हाला पण बळ येतं हे खरं सांगतो.

तात्या_जुन्नर

गुरुजी छान लिहिलंत. ७२ च्या दुष्काळात आम्ही सुकडी खाऊन वाढलेली माणसं, त्या सुकडीचा वास अजून आठवतो. माझी मुलं शाळेत होती तेव्हा शिजवलेलं काही नव्हतं, महिन्याला ३ किलो तांदूळ घरी मिळायचा, तो पण ८० टक्के हजेरी असेल तर. पिशवी घेऊन पोरं रांगेत उभी राहायची आणि तो तांदूळ सगळ्या घराचा व्हायचा, पोराच्या वाट्याला किती येणार. २००१ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं शिजवूनच द्या, तेव्हा कुठे ताटात पडायला लागलं. एवढ्या खटपटीने मिळालेली गोष्ट आहे. डबा देऊन मोकळं होण्यापेक्षा शाळेत जाऊन बघा.

कोल्हापूरची_सून

आमच्या सासूबाई १४ वर्षं शाळेत खिचडी शिजवतात म्हणून मी त्यांच्या बाजूने चार शब्द लिहिते, त्यांना मोबाइलवर टाइप करता येत नाही, शेजारी बसून सांगतायत.

मानधन महिन्याला अडीच हजार. २०२३ च्या आधी दीड हजार होतं. वर्षातले दहा महिनेच. सकाळी साडेआठला जायचं, पाणी भरायचं, तांदूळ-डाळ निवडायची, शिजवायचं, वाढायचं, भांडी घासायची, दोन-अडीच वाजतात. त्या दिवसाची शेतातली मजुरी सोडून. एकदा तर चार महिने मानधन आलंच नव्हतं, आणि विचारायला गेलं की वरून आलं नाही एवढंच उत्तर.

सासूबाई म्हणतायत, "ते पांढरं तांदूळ मी बी टाकत हुते, मग एकदा ट्रेनिंगला बोलावलं तवा कळलं." म्हणजे रेवाच्या शाळेतल्या ताईंना ओरडू नका, तक्रार तर मुळीच करू नका, नीट बसून सांगा. त्या ऐकतील. आणि दुसरं त्या सांगतायत ते मला पण नवीन होतं. डाळ तळाशी बसते. शेवटी जेवायला बसणाऱ्या पोरांना डाळ मिळते आणि आधीच्यांना नुसता भात, म्हणून त्या दर दहा ताटांनी पळी तळापासून ढवळतात. लहान वर्गांना आधी वाढतात ना, त्यामुळे पहिली-दुसरी-तिसरीच्याच पोरांना पातळ मिळतं. रेवाताईच्या आईने हे जरूर बघावं.

२०२५ मध्ये तेल १० टक्के कमी वापरा अशी पण सूचना आली आहे केंद्राकडून, लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून. सासूबाईंचा प्रश्न आहे की एका पोराला एक चमचा तेल, त्यातलं दहावा भाग काढून पोरगं कसं बारीक होणार, आमच्याकडची पोरं आधीच काडीसारखी आहेत. मला उत्तर देता आलं नाही.

पुण्याची_आहारतज्ज्ञ

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पळी तळापासून ढवळायची ही गोष्ट मी लिहून ठेवली, प्रशिक्षणात सांगेन.

तेलाबद्दल त्यांचं बरोबर आहे. शहरातल्या मुलांचा वडापाव-वेफर्सचा प्रश्न वेगळा आणि खेड्यातल्या १९ किलोच्या मुलीचा वेगळा. महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तक्षय ६८.९ टक्के आणि उंची खुंटलेली ३५.२ टक्के, हे सरकारच्याच २०१९-२१ च्या आरोग्य सर्वेक्षणातले आकडे आहेत, त्यातली बरीच मुलं आता शाळेत आली आहेत. त्यांच्यासाठी तेल हे कॅलरीचं सगळ्यात सोपं साधन आहे, एक चमचा म्हणजे ४५ कॅलरी.

आणि अंड्याचं पण हिशोबाने सांगते. १०० ग्रॅम तांदळातून साधारण ७ ग्रॅम प्रथिनं, २० ग्रॅम डाळीतून साडेचार-पाच. १२ ग्रॅमचा नियम असाच जेमतेम पुरा होतो, आणि त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं तांदळाची, जी तितकी चांगल्या प्रतीची नसतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पूर्ण प्रतीची, वर बी-१२. म्हणून एका अंड्यासाठी आम्ही इतका आटापिटा करतो. जे खात नाहीत त्यांना केळं द्या हे ठीक, पण केळ्यात प्रथिनं एक ग्रॅमच्या आसपास, ती बरोबरी होत नाही. मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे केळ्यापेक्षा बरे, आणि गोड द्यायचंच तर नाचणीसत्त्व, कॅल्शियममध्ये त्याला तोड नाही.

समिती_अध्यक्ष_सांगली

मी आमच्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष आहे, पालकच आहे, शिक्षक नाही. आम्ही अंडं बंद पडू दिलं नाही, कसं केलं ते सांगतो, कुणाला जमलं तर करा.

आमचा पट ६२. त्यातली ९ मुलं अंडं खात नाहीत. फेब्रुवारीत ग्रामसभेला विषय मांडला. एकदम कुणी पैसे दिले नाहीत, खोटं कशाला सांगू, एकाने तर विचारलं शासनाने बंद केलं तर आम्ही का द्यावं. मग आम्ही वर्गणी हा शब्दच सोडला. वाढदिवस धरले. गावात कुणाच्या घरी वाढदिवस, बारसं, निकाल, नवी गाडी काय पण असलं की त्या आठवड्याची अंडी त्या घराची. साडेसहा रुपयाने ५३ अंडी म्हणजे साडेतीनशेच्या आत, आणि ९ मुलांना शेंगदाण्याचे लाडू, सगळं मिळून साडेचारशेत बसतं. केकला त्याच्या दुप्पट जातात. नाव फळ्यावर लिहितो, "आजची अंडी अमक्याच्या वाढदिवसानिमित्त", मुलं टाळ्या वाजवतात. फेब्रुवारी ते एप्रिल फक्त दोन आठवडे चुकले.

शिवाय शाळेच्या मागे परसबाग केली, शेवगा, पालक, कोथिंबीर, मेथी, दोन पपया. शेवग्याला काही करावं लागत नाही, एकदा लागला की लागला. पाला रोज वरणात जातो. हात धुवायच्या नळाचं सांडपाणी तिकडे वळवलंय.

समितीत पाऊण सदस्य पालकच असतात आणि निम्म्या बायका हव्यात, हा कायदाच आहे. रेवाच्या आई, तुम्हीच का नाही जात समितीवर?

विद्या_चेन्नई

मी मूळची सोलापूरची, आता नऊ वर्षं चेन्नईत. सांगलीच्या दादांचं मनापासून कौतुक, पण माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. इथे सरकारी शाळेत शाळेच्या रोजच्या दिवशी अंडं मिळतं, आठवड्याला पाच. कुणाच्या वाढदिवसाची वाट बघावी लागत नाही. कामराज मुख्यमंत्री होते तेव्हा शाळेत जेवण सुरू झालं, १९८२ ला मुख्यमंत्री एमजीआरनी ते राज्यभर मोठं केलं, आणि २०२२ पासून पहिली ते पाचवीला सकाळचा नाश्ता पण आहे. शेजारी कर्नाटकात आठवड्याला सहा अंडी देतात, तिथे अझीम प्रेमजी फाउंडेशनने पैशाची मदत केली आहे. आपल्या राज्याला आठवड्याला एक अंडं जड झालं हे वाचून वाईट वाटलं. ज्या गावात अध्यक्ष असे उत्साही नाहीत, जिथे वाढदिवसाला केकच परवडत नाही, त्या पाड्यावरच्या मुलांनी काय करायचं? नेमकी गरज त्यांनाच जास्त.

गुरुजी_मराठवाडा

विद्याताई, एक शब्द चूक नाही. आमच्या केंद्रात (म्हणजे जवळच्या गावांतल्या शाळांच्या गटात) चौदा शाळा, त्यातल्या तीनच ठिकाणी अंडी चालू आहेत, आणि त्या तिन्ही गावांत ऊस आहे. कोरडवाहू गावांत शून्य. मी दोन वेळा लेखी मागणी पाठवली, अजून उत्तर नाही. पालकांच्या सह्यांनी ग्रामसभेचे ठराव गेले तर वजन पडतं, एकट्या मास्तरच्या पत्राला काही किंमत नसते. दादांचं अंडं पण चालू राहू द्या आणि ठराव पण जाऊ द्या, दोन्ही करायला काय हरकत आहे.

बाळाचे_बाबा

आहारतज्ज्ञ ताई, पोत्यावरचं चिन्ह बघितलं, आहे 'प्लस एफ'. मी गावच्या ग्रुपवर तो व्हिडिओ टाकला होता, आज तुमचं वरचं लिखाण तिथे पाठवलं. डबा बंद करायचा की नाही ते बायकोशी बोलून ठरवतो.

रेवाची_आई

सगळ्यांचे खूप आभार, दोन आठवड्यांनी लिहिते आहे कारण आधी जाऊन बघायचं ठरवलं होतं.

गेल्या सोमवारी आणि परत गुरुवारी गेले शाळेत. सर आधी जरा बिचकले, त्यांना वाटलं तक्रार घेऊन आले. म्हटलं नाही सर, चव घ्यायला आले. रजिस्टर काढलं, माझ्या आधीची पालकाची सही मागच्या ऑगस्टमधली होती. सोमवारी मसालेभात होता, चवीला चांगला पण भाजी म्हणजे एखादा गाजराचा तुकडा. सरांनी खरंच वही दाखवली, भाजीपाल्याचे पैसे मार्चपासून आले नाहीत. मग आम्ही चौघीजणींनी ठरवलं की ज्याच्या शेतात जी भाजी असेल ती आठवड्यातून एकदा शाळेत टाकायची. सध्या मेथी आणि दुधी चालू आहे. टोमॅटो निघाले की ते पण.

स्वयंपाकाच्या ताईंना तांदळाचं सांगितलं. कोल्हापूरच्या सासूबाईंचं वाक्य जसंच्या तसं वाचून दाखवलं, तेव्हा त्या हसल्या आणि मग एकदम डोळ्यात पाणी. म्हणाल्या इतके दिवस मी पोरांच्या तोंडचं टाकत होते. मी म्हटलं ताई तुम्ही काळजीनेच करत होतात. आता टाकत नाहीत. पळीचं पण सांगितलं. गुरुवारी मूगडाळ खिचडी होती आणि मी तिसरीच्या ओळीत उभी राहून बघितलं, रेवाच्या ताटात डाळ दिसत होती.

गुलाबी गोळीबद्दल आमच्या रेवाबाईसाहेब पकडल्या गेल्या, खिडकीतून टाकत होती. आता बाईंसमोर पाण्याबरोबर गिळते. अंड्याचं अजून जमलं नाही. ग्रामसभा ऑगस्टमध्ये आहे, तेव्हा ठराव मांडणार, मिस्टरांनी लिहून द्यायचं कबूल केलंय. तोवर रविवारी घरी देते. समितीचं अजून ठरवलं नाही पण सरांनी पण तेच विचारलं.

एक अडचण आहे, सासूबाईंना विचाराल का? मटकीला मोड आणायला ताई बांधून ठेवतात पण या पावसात चिकट होते आणि वास येतो, मग ती टाकून द्यावी लागते. ८४ मुलांची मटकी वाया गेली की पुढच्या आठवड्याला डाळ कमी पडते.

कोल्हापूरची_सून

विचारलं. त्या म्हणतायत पावसाळ्यात फडक्यात घट्ट बांधायचं नाही, मोठी चाळण घ्यायची, भिजलेली मटकी निथळून त्यात पातळ पसरायची, वर ओलं फडकं आणि खाली ताट. सकाळ-संध्याकाळ एकदा पाण्याने खळबळून परत निथळायची. शाळेत संध्याकाळी कुणी नसतं म्हणून त्या घरी घेऊन येतात, आमच्या चुलीजवळच्या फळीवर ठेवतात. आणि भिजवतानाच तरंगणारी, फुटकी मटकी मात्र काढून टाकायची, तीच आधी कुजते. ही तरंगणारी खरंच टाकायची, असं मुद्दाम सांगायला सांगितलंय.